कोरड्याला विटाळ नाही

पाटलीणबाईंनी टोपलं उचललं आणि म्हशीपुढं ओतलं.

टोपल्यात भेदरे होते. भेदरे म्हणजे टमाटे. आमच्या भंडाऱ्याकडं भेदरेच म्हणतात. लालबुंद, एकही किडका नाही. मीच तोडले होते. माघातली सकाळ होती, पानापानावर दव. माझे हात कोपरापर्यंत ओले झाले होते आणि मला उगाचच बरं वाटत होतं. म्हशीनं एकदा नाकानं ढोसून पाहिलं, मग खायला लागली. कचकच. रस तिच्या जबड्यातून गळत होता. बागेत वीसेक बाया होत्या. सगळ्या खाली वाकून तोडत राहिल्या.

पाटलीणबाई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत. पदरानं हात पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ओलं आहे ते. दवाचं. कोरडं असतं त मी काई म्हटलं नसतं."

मग बाकीच्या बायांकडं वळल्या. "दुसरं टोपलं भरा व. उद्या सायेब येऊन राहिले."

एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर मीही एखादी परत केली असती. तोंडाची मी पहिल्यापासून तिखट. पण त्यांनी मला बोलण्याच्याही लायकीची धरली नाही. म्हशीशी मात्र बोलल्या. "खाय, खाय," म्हणाल्या. संध्याकाळी त्याच म्हशीचं दूध त्यांच्या चहात पडलं असणार. माझ्या हातचं म्हशीला चाललं, म्हशीचं त्यांना चाललं. मधे एक म्हैस असली की भागतं.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. बाप वारलेला. घरात मी आणि माय. सातवी शिकलेली मी आमच्या वस्तीतली एकटीच मुलगी, आणि त्या शिकण्यानंच घात केला. बागेच्या फाटकावर पाटी होती, "गावबाग. सर्वांची, सर्वांसाठी." बाकीच्यांना वाचता येत नव्हतं म्हणून त्या शहाण्या राहिल्या. मी वाचलं आणि खरं मानलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे मला कळायला म्हैस लागली.

बाग सरकारी जागेवर होती, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. गावात नवी ग्रामसेविका आली होती. मोठ्या शहरातली, चष्मेवाली, मनानं वाईट नव्हती. तिनं महिला मंडळ काढलं, पाटलीणबाईंना अध्यक्ष केलं. बायांनी श्रमदान करायचं, भाजी पिकवायची, ती बालवाडीच्या पोरांच्या खिचडीत घालायची. सरकारनं विहीर बांधून दिली. गाव खूश.

कामाची वाटणी कुणी कागदावर लिहिली नाही. ती आपोआप झाली, जसं पाणी उताराकडं जातं. मृगाआधी जमीन खणायची, शेणखताची टोपली वाहायची, कुंपणाला बोराटीच्या काट्या आणायच्या, ते आम्ही. पावसाळ्यात चिखलात बसून निंदण काढायचं, तेही आम्ही. विहिरीतून पाणी शेंदायचं आणि हिवाळ्यात भाजी तोडायची, ते गावातल्या बाया. दोन्ही ओली कामं, आणि ओल्यातून विटाळ लागतो. आमची पोरं बालवाडीच्या पायरीखाली पळसाच्या पानांच्या द्रोणात खिचडी घ्यायची, सगळ्यात शेवटी.

आम्ही धर्म बदलून वीस वर्षं झाली होती. देव घरातून काढले, मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं फक्त एवढं केलं की आमची जुनी जात तोंडावर म्हणायचं सोडलं. मागं म्हणायचे.

एक गोष्ट मात्र आमच्या घरातून बागेत जायची. बियाणं. मायच्या हाताला बियांची समज होती. बागेतलं कुठलं वांगं बियाला राखायचं, ते ती झाडावरच ओळखायची आणि देठाला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कुणी तोडायचं नाही, हे गावानंही मानलेलं. वांगं पिवळं होऊन मऊ पडलं की माय ते घरी आणायची, फोडायची, राखेत घोळून धुवायची, अंगणात वाळवायची. मग वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवायची. वांगी, भेदरे, वाल, सांबार म्हणजे कोथिंबीर. हे बी तिला तिच्या मायनं दिलेलं. अड्याळच्या बाजारात भेटायचं नाही असं.

दर साली मृगाच्या तोंडावर पाटलीणबाई वस्तीच्या कडेला येऊन मोहाच्या झाडाखाली उभ्या राहायच्या आणि पदर पसरायच्या. माय वरून बी सोडायची. हाताला हात लागत नव्हता. आणि बी कोरडं. कोरड्याला विटाळ नाही.

भेदरे म्हशीनं खाल्ले त्या दिवशी घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. माय चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "तू तोडाले गेलीच काहून?"

"पाटीवर लिवलं हाय, सर्वांची."

"पाटी का जेवाले घालते? चूप राय व पोरी. रोवणी त्यायच्याच बांधीत हाय."

मायचं चूक नव्हतं. आमच्याकडं धानाची रोवणी, पाटलाच्या बांधीत म्हणजे भातखाचरात रोपं लावणं, हेच वर्षाचं पोट. पाटलाचा गडी संध्याकाळी वस्तीत येऊन कुणी यायचं ती नावं सांगून जायचा. ज्या घराचं नाव घेतलं नाही, त्या घराची चूल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कशी पेटेल ते कुणी सांगू शकत नव्हतं.

आता जे सांगते ते सांगायला मला म्हशीपेक्षा जास्त लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले. तालुक्याचे साहेब बाग बघायला यायचे म्हणून वाटा झाडायच्या होत्या. मी झाडल्या. साहेब आले, भेदरे पाहिले, पाटलीणबाईंना हार घातला. सेविकाबाईंनी मला कोपऱ्यात पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना माहीत होतं. त्यांच्या वहीत श्रमदान करणाऱ्या बायांच्या यादीत माझं नाव होतं, त्या नावापुढं त्यांनी बरोबरची खूण केली.

मी चैत्रातही गेले, वैशाखातही गेले. खणलं, वाहिलं. हाताला फोड आले. आतून मात्र काहीतरी घट्ट होत चाललं होतं. कुणी नुसतं "पाणी" म्हटलं तरी मला म्हशीच्या जबड्यातला रस दिसायचा.

ज्येष्ठात एका दुपारी माय अंगणात वांग्याचं बी वाळवत होती. मी सावलीत बसून बघत होते. पिवळं, सडत आलेलं वांगं आमच्या घरात आलं होतं. आमच्या विळ्यानं फोडलं. आमच्या पाण्यानं धुतलं. मायचे हात त्या गरात मनगटापर्यंत बुडाले होते. यापरतं ओलं काय असतं? आणि चार दिवसांच्या उन्हात तेच बी सोवळं होऊन पाटलीणबाईंच्या पदरात जाणार होतं. त्यातून उगवलेलं फळ मी तोडलं की बाटणार होतं.

मी हसले. मायनं विचारलं, "कायले हासतं?"

मी उठून बी उन्हात सरकवलं. मला समजलं होतं. विटाळ ओल्यात नव्हता आणि कोरड्यातही नव्हता. त्यांना जे पाहिजे ते कोरडं आणि आम्हाला जे द्यायचं नाही ते ओलं. एवढाच तो नियम. त्यासाठी आमच्या कितीतरी पिढ्या मान खाली घालून बसल्या. राग आला. पाटलीणबाईंचा आला, त्याहून माझा आला.

आठ दिवसांनी त्या आल्या. मोहाखाली उभ्या राहिल्या, पदर पसरला.

"आन व बी. आभाळ भरून राहिलं."

माय तुंबा घेऊन निघाली. मी दारातच तो तिच्या हातातून घेतला. दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा होता, काखेत टोपलं. मोहापर्यंत गेले, टोपल्यात सगळं बी ओतलं आणि त्यावर लोटा उपडा केला. पाणी टोपल्यातून माझ्या पायावर गळलं.

टोपलं पुढं केलं. म्हणाले, "घ्या."

त्यांनी पदर आवरला. माय मागून "अवं! अवं!" करत होती. पाटलीणबाईंनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ. त्या नजरेत रागही नव्हता, म्हणून मला भीती वाटली.

"बरं," त्या म्हणाल्या. "रोवणीच्या येळेस पाहू."

आणि गेल्या. शांतपणे. चपलांचा आवाजही नाही.

भिजलेलं बी तुंब्यात परत ठेवता येत नाही. मायनं अंगण खणायला घेतलं. सगळं बी त्याच दिवशी अंगणात टाकलं, भोवती काट्यांचं कुंपण केलं. पाऊस यायचा होता. तलावावरून घागरी आणून आम्ही रोपं जगवली. रोपं आली, अशी दाट, अशी हिरवी, की माय त्यांच्याजवळ जाऊन बसायची. मला वाटलं, झालं. जिंकले. लोटाभर पाण्यात जग बदलतं असं वाटण्याचं वय होतं ते.

रोवणी लागली. पाटलाचा गडी संध्याकाळी वस्तीत आला, नावं घेतली. आमचं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकीचंही गळालं, तिनं आम्हाला पसाभर तांदूळ दिले होते. पाचव्या दिवशी गडी आला आणि त्यानं कुणाचंच नाव घेतलं नाही. मोहाखाली उभा राहून बिडी पेटवली, ओढून संपवली आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी वस्तीतल्या बाया आमच्या दारात आल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकी म्हणाली, "जाय ना व पोरी. पाय धरून घे. आमच्यायसाठी."

"धरले असते, काकी," मी म्हणाले. "पण पायाले हात लागला का विटाळ होते."

कुणी हसलं नाही. मलाही ते बोलल्याचं लगेच वाईट वाटलं. त्यांच्या घरात खाणारी तोंडं होती.

गडी परत यायला लागला, आमचं घर सोडून बाकीच्यांची नावं घ्यायला लागला. आम्ही दोघी तलावाच्या कडेला रानभाजी खुडायला जायचो. एक दिवस दुपारी परत आलो तर अंगणात काही नव्हतं. चिखल आणि खुरांचे ठसे. दोन-चार खुंट उभे होते, तेही चघळलेले. ढोरं शिरली म्हणावं, तर कुंपणाच्या काट्या एका बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या. एकावर एक, देठ एका दिशेला. ढोरं काट्या रचत नाहीत. रचणाऱ्याला घाईही नव्हती.

मायनं रिकामा तुंबा हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही. म्हणाली, "माह्या मायचं बी होतं."

मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, "माय, मी चुकली का व?"

तिनं मला नाही म्हटलं नाही. माझ्या डोक्यावरून हातही फिरवला नाही. तुंबा खाली ठेवला आणि म्हणाली, "आता माफी मागाले जाऊन तरी काय भेटनार हाय?"

दुसऱ्या दिवशी बागेत निंदणाचं श्रमदान होतं. अड्याळहून पुडीतलं बी आणून त्यांनी रोपं लावली होती. वस्तीतल्या बाया खुरपी घेऊन गेल्या. मी मोकळ्या हातानं गेले. वाफ्यात उतरले नाही. सरळ विहिरीवर गेले. तिथल्या बाया घागरी उचलून मागं सरकल्या. पाटलीणबाई सेविकाबाईंशी बोलत होत्या, त्या थांबल्या.

मी दोर हातात घेतला. सेविकाबाई धावत आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "आज नको गं. वातावरण बरं नाही."

"मंग कधी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी बादली शेंदली. ओंजळीनं प्यायले. उरलेलं पाणी वांग्याच्या वाफ्यात सोडलं, सगळ्यांना दिसेल असं. मग मोठ्यानं बोलले. 

"दान ज्याचं असते, त्यानं द्यावं. आमच्याकडून तुमी दान नाई घेत, येठबिगार घेता. माह्या हातानं खणलेल्या बागेत पानी मी टाकीन, तोडा मी तोडीन. चालत नसन त बाई, माहं नाव वहीतून काटा. आजपासून अठी माही कुदळ पडनार नाई. अन् माफी मी मागत नाई."

पाटलीणबाईंनी मान वळवून पाळीकडं पाहिलं. पाळीवर तिघं उभे होते, केव्हाचे कोण जाणे. त्यांच्या हातात काठ्या होत्या. त्यातला एक पाटलाचा तोच बिडी ओढणारा गडी. वाफ्यातल्या आमच्या बायांची खुरपी थांबली. काकी उभी राहिली. तिची बोटं चिखलानं माखली होती.

तिघं पाळ उतरायला लागले.  पळायचं नाही, एवढं ठरलं होतं. मी बादली पुन्हा विहिरीत सोडली.