न्हाऊ घालणारी आत्या

आमची आत्या बोलायची कमी आणि खाजवायची जास्त. तेही नखांनी नव्हे. नखांनी कातडं सोलवटून निघालं, तेव्हापासून दाणे काढलेलं मक्याचं कणीस तिच्या कमरेला खोचलेलं असायचं. दिवस कलला की तिचे तळहात-तळपाय पेटायचे. ओसरीवर बसून ती ते कणीस तळपायावर फिरवत राहायची. वर बघावं तर पुरळ नाही, फोड नाही, काही नाही. म्हणायची, "कातड्याच्या आतनं खाजतंय गं. तितं कणीस कसं पोचायचं?"

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. पदरी मूल नसताना विधवा झाली आणि निमगाव केतकीला आमच्याकडेच राहिली. आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हालेली. पाटावर बसून पाय लांब करायची, त्यावर बाळ पालथं घालायची, की कसलंही किरकिरं पोर गप्प. बायका म्हणत, आक्कांचा हातगुणच तसा. तिला दुसरं काही नकोच होतं.

खाज सुरू झाली आणि गावानं निकाल लावून टाकला : खरूज! झालं, बोलावणी बंद. गंधक लाव, लिंबाच्या पाल्यानं अंघोळ कर, अंथरूण उकळ, सगळं बिचारीनं केलं. शेजारच्या शेवंताकाकूंना नातू झाला तेव्हा न बोलावता दारात गेली, तर काकूंनी बाळ पदराआड घेतलं. परत येऊन आईला म्हणाली, "झोपलं हुतं बाळ." भिंतीपलीकडून त्याचं रडणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

आणि थकवा! सकाळी उठतानाच दमलेली असायची. "काय केलं म्हणून एवढ्या दमलात, वन्सं?" आई विचारायची. "काय न्हाय, वैनी. उठले की." मधूनच हुडहुडी भरून ताप यायचा, उजव्या बरगडीखाली ठणकायचं, डोळे पिवळे व्हायचे. मग शेजारच्या वरकुटे गावी जाणत्याकडे कावीळ उतरवायला जायचं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं. "बघा," ती म्हणायची, "घरातली हळद सरंल, माझी काय सरायची न्हाय." घरचे हसायचे. तीही हसायची, पण दमून.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते, माझे दिवस भरत आले होते, त्या सुमाराला वडिलांनी तिला बारामतीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या आत अरुंद झाल्यात, पित्त तुंबतं, खाज नि थकवा त्याचाच. औषधानं आराम पडेल, पण दुखणं मुळातून जाणार नाही. आत्यानं एकच विचारलं, "लागण हाय का?"

"अजिबात नाही."

एसटीत ती सारा रस्ता हसत होती. वडिलांनी घरी येऊन डोक्याला हात लावला, "जन्माचं दुखणं गळ्यात पडलंय, आन् हिला हसू येतंय!"

पण गावाला कोण पटवणार? माझ्या आईलासुद्धा पटत नव्हतं. मला मुलगी झाली तशी हळूच म्हणाली, "वन्सं, पाचवी होऊ द्या, मग बघू." आत्या मान हलवून ओसरीवर जाऊन बसली. माझं डोकंच फिरलं. आईला म्हटलं, "डॉक्टरवर भरवसा नसेल तर माझ्यावर ठेव. पोरगी माझी आहे!" पाट मांडला, आत्याला हाताला धरून आणली आणि लेक तिच्या पायांवर ठेवली.

दारात बायका जमल्याच. आत्यानं तेल चोळलं, नाक-कान चोळून सारखे केले, पाणी घातलं. पोरगी डोळे मिटून पडून राहिली. पण आत्याच्या मांड्या थरथरत होत्या, ते मला दिसत होतं. पाणी उरकून तिनं बाळ माझ्याकडे दिलं आणि घामाघूम होऊन भिंतीला टेकली.

शेवंताकाकू खाली मान घालून पुढं आल्या. त्यांच्या घरी दुसरा नातू आला होता. "आक्का, उद्या आमच्या बाळालाबी घालता का पाणी?"

आत्यानं पदरानं घाम पुसला. मग सावकाश म्हणाली, "न्हाय गं, शेवंता. आता मलाच झेपत न्हाय."

इतकी वर्षं लोक तिला नाही म्हणत आले होते. आज नाही म्हणायची पाळी तिची होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं म्हणून सांगू! मला रडू आवरेना. तिच्या पायांवर न्हालेलं शेवटचं लेकरू माझं.