निपाणीतलं ढेकणांचं घर

निपाणीतल्या तंबाखूच्या पेढीवर नवीन कारकून झालो तेव्हा मी जिनपाल अण्णांचं घर वर्षाच्या कराराने भाड्याने घेतलं. अण्णा जैन, सुपारीचे व्यापारी. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिला जाऊ देणारे. करारात त्यांची एक अट होती: घरात जीवहत्या करू नये. कॉमर्सच्या परीक्षेत करार या विषयात मी पहिला आलो होतो. अट मटणाबद्दल आहे हे मी लगेच ताडलं आणि सही ठोकली.

ढेकूण माझ्या ध्यानातच आले नाहीत. ते भिंतीत होते, तुळईत होते, खाटेच्या सांध्यांत होते. आमची तान्ही नागू अंगभर गांधी उठून रडत राही. उकळतं पाणी ओतावं तर अट आडवी. अण्णा स्वतः येऊन ढेकूण फडक्याने हळूच उचलत, परसात सोडत. ढेकूण सावकाश परत येत.

"पोरीला घेऊन मी खानापूरला आईकडं जातो," बायको यशोदा म्हणाली. "तुम्ही करार पांघरून झोपा."

मग मी अण्णांना बोलावलं. घर राहण्यालायक नसेल तर भाडेकरूला मुदतीआधी सोडता येतं, हे त्यांना कलमवार सांगायचं होतं. यशोदेने त्यांना खाटेवर बसवलं, मला पाटावर.

"कायद्यात आग आहे, पूर आहे," मी सुरुवात केली.

"आग लागली व्हय?"

"नाही."

"पूर आलता?"

"नाही. पण ढेकूण..."

"ते तुमच्या आधीपासनं हाईत की, मारुतीराव."

मी हटलो नाही. पोटकलमांत शिरलो. अण्णा मांडी खाजवू लागले, मग मान, मग भिंतीला पाठ घासू लागले. कायदा लागू पडतोय, असं मला वाटलं. शेवटी ते उठले. धोतरावरचा ढेकूण अलगद उचलून त्यांनी खाटेच्या पायावर ठेवला.

"आजच जावा. तुम्हाला मारू देता येत न्हाय, आन ह्यास्नी हाकलता येत न्हाय. पोरीला कशाला तरास?"

हा माझा कायदेशीर विजय मी पुढे तीस वर्षं पेढीवर सांगितला. आता निवृत्त व्हायच्या बेतात आहे. परवा नागूच्या नवऱ्याला तोच किस्सा सांगताना स्वयंपाकघरातून यशोदा म्हणाली, "अण्णास्नी त्याच खाटंवर का बसवलं, तेबी सांगा की जावईबापूंना."

"का बसवलंस?"

"सगळ्यात जास्त ढेकूण तिच्यातच हुते."

मी कलमाचा नंबर सांगणार होतो. तो राहूनच गेला.