गडग्याच्या खिंडारातली घरमोटार

लग्न होऊन मी सावंतवाडीहून मालवणजवळच्या किनाऱ्यावर सासरी आले, तेव्हा गोवा मोकळा होऊन एखादं वर्ष झालं असेल. नवरा मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि मे महिन्यात येणारा. घरात मामंजी, सासूबाई आणि मी. सून मॅट्रिक झालेली, इंग्रजी जाणणारी, याचं सासूबाईंना फार कौतुक. पण त्या घरात मला पहिल्यांदा जे भाषांतर करावं लागलं ते मालवणीतून मालवणीत.

त्याचं असं झालं होतं. मामंजींचे थोरले भाऊ शेजारच्याच घरात राहत. मी त्यांना थोरले मामंजी म्हणायची. दोघांच्या मध्ये वडिलोपार्जित माडांची बाग. तिची वाटणी अगदी गोडीगुलाबीनं झाली, असं सगळे सांगत. मग थोरल्यांनी मध्ये जांभ्या दगडाचा गडगा घातला, आणि तो वीतभर आपल्या हद्दीत आला, असं आमच्या मामंजींचं म्हणणं पडलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद. बाकी संध्याकाळी दोघंही आपापल्या पायरीवर बसत, हाकेच्या अंतरावर, आणि मी मध्ये तुळशीपाशी उभी.

"तेका सांग, त्याची गाय परत आमच्या अळवात शिरली," मामंजी म्हणायचे.

थोरल्यांना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी ते माझ्या तोंडाकडे बघत बसत. मी सांगितल्याशिवाय त्यांना ऐकू आलंय असं धरायचं नाही, हा नियम होता. मी सांगायची. मग ते म्हणायचे, "तेका सांग, अळू गडग्याभायर वाढला तर गाय काय करतली?" आणि मी सांगताना भांडण नको म्हणून एखादा शब्द मऊ केला, तर ज्यांचा तो शब्द तेच ओरडायचे, "तसा नाय म्हटलंय मी! नीट सांग!"

अशी दोनेक वर्षं गेली. आणि एका थंडीत, दिवाळी आटोपल्यावर, आमच्या बागेत ती मोटार आली.

एसटीपेक्षा बुटकी, सायीच्या रंगाची, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आत पलंग, टेबल, चूल, कपाटं, सगळं घर. तीतून एक उंच, सडसडीत, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ उतरले आणि मागून त्यांची ठेंगणी, गुलाबी बायको. गोव्याला निघाले होते. वाटेत समुद्र दिसेल तिथे मुक्काम करायचा असा त्यांचा बेत. आमच्या माडांतून समुद्र दिसला आणि त्यांनी गाडी आत घातली. मला बोलावणं आलं. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच पुस्तकातून शिकलेलं निघाल्यामुळे आमचं चांगलं जमलं. ते हॉलंडचे होते.

"वलंदेज!" मामंजी खूश झाले. ते जन्मभर गलबतावर तांडेल होते, पार कालिकतपर्यंत माल नेलेला. "वेंगुर्ल्याक वखार होती तेंची. ऱ्हवांदे, ऱ्हवांदे. तेंका सांग, तुमचाच घर आसा."

थोरले गडग्यापलीकडून बघत होते. "तेका सांग," ते मला म्हणाले, "अर्धी मोटार माझ्या वाटणीत आसा. तेव्हा घर तेचा एकट्याचा नाय."

हे मात्र खरं होतं. बागेत सगळीकडे भुसभुशीत पुळण. गाडीचं वजन पेलेल अशी घट्ट जमीन एकच, बैलगाडीची जुनी वाट, आणि ती वाट जिथून जाई तिथे गडग्याला खिंडार ठेवलेलं. मोटार बरोबर त्या खिंडारात उभी होती. पुढची चाकं समुद्राच्या बाजूला, आमच्यात. मागची थोरल्यांच्यात.

मला वाटलं, आता दोघं पाहुण्यांना राहू देणार नाहीत. पण दोघांनीही हट्टानं राहू दिलं. एकानं आग्रह केल्यावर दुसऱ्याला मागे हटता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्याकडे आले. हातात गवंड्याकडे असते तशी पाणसळ, छोटी, पितळी कडांची. म्हणाले, गाडी पुढे उतरती आहे, ती समपातळीत आणायला हवी. एरवी ते चाकांखाली लाकडी ठोकळे घालत, पण ते मागच्या एका मुक्कामावर विसरले होते. काही दगड मिळतील का?

"कित्याक?" मामंजींनी विचारलं. "उतरती तर उतरती. मी आख्खो जल्म कलत्या गलबतार निजलंय."

मी साहेबांना विचारलं. त्यांनी मला गाडीत नेऊन एक पांढरं कपाट दाखवलं आणि खाली वाकून आत जळणारी इवलीशी निळी ज्योत दाखवली. मी बाहेर येऊन सांगितलं, "ते म्हणतत, आत एक कपाट आसा. खाली विस्तव पेटता आणि वर बर्फ होता. पण गाडी वाकडी असली तर होणा नाय."

सासूबाईंनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

"विस्तवान बर्फ होता?" मामंजी हळूच म्हणाले. "बाय, परत एकदा विचार. तुझा कायतरी चुकता आसतला."

मी परत विचारलं. परत तेच उत्तर. माझ्या मॅट्रिकवरचा घरचा विश्वास त्या सकाळी बराच ढासळला. खरं सांगायचं तर माझाही.

पण पाहुण्यांनी दगड मागितले होते आणि दगड गडग्यातच होते. मामंजींनी आमच्या बाजूचे दोन चिरे उचलले. साहेबांनी जॅक लावून गाडीचं नाक वर घेतलं, चिरे चाकांखाली सरकवले, जॅक काढला. मग आत टेबलावर पाणसळ ठेवली आणि खिडकीतून मान बाहेर काढून हसत बोटानं दाखवलं, थोडंसं जास्त झालं.

"म्हणजे आता मागची बाजू खाली?" थोरल्यांनी मला विचारलं.

"वायच," मी म्हणाले.

"तेका सांग, माझी बाजू खाली झालेली माका चालूची नाय." आणि त्यांनी आपल्या बाजूचा एक जाडजूड चिरा आणला.

साहेबांना वाटलं, काय मदतीला धावणारी माणसं! त्यांनी मागे जॅक लावला. आता बुडबुडा मागे पळाला. पुढची बाजू खाली गेली. मामंजींनी ते पाणसळीशिवायच ओळखलं. ते लांब जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटला आणि गाडीचं टप समुद्राच्या रेषेशी ताडून पाहिलं. "तेका सांग, दर्यो कधी खोटा सांगणा नाय. माझी बाजू बुडता."

"तेका सांग," थोरले म्हणाले, "जमीन बघूची तर पाणी वतूचा. मी शेतकरी आसंय. दर्याकडे बघून भात लावणत नाय."

त्यांनी खरोखरच तांब्याभर पाणी आणून गाडीच्या पायरीवर ओतलं. ते मडमेच्या चपलांत गेलं.

चिऱ्यावर चिरे चढत गेले. एक बाजू वर गेली की दुसरी बाजू खाली राहिल्याचा अपमान, की तिकडे चिरा. साहेब प्रत्येक वेळी टेबलावरची पाणसळ बघून "थोडं कमी" असं सांगत, मी ते सांगे, आणि कमी करायला कोणीच तयार नसे, कारण काढलेला चिरा म्हणजे माघार. समोरासमोर उभे दोन भाऊ, मध्ये मी. एका कानात मालवणी, दुसऱ्या कानात मालवणी, समोरून इंग्रजी. एकदा तर मी घाईत साहेबांनाच म्हणाले, "तेका सांग," आणि ते बिचारे मागे वळून कोणाला सांगायचं ते शोधू लागले.

मडम आतच होती. सकाळी ती एका पायरीनं चढली होती. आता दार उघडून तिनं खाली बघितलं, तर जमीन फार लांब गेलेली. सासूबाईंनी भाताच्या मळणीचं बाकडं नेऊन ठेवलं. ते पुरलं नाही. मग त्यावर पाट. त्या पाटावर एक पाय टेकवून परत आत वळताना मडम जे काही डच भाषेत बोलली, ते भाषांतरासाठी माझ्याकडे आलं नाही हे बरं.

गावातली माणसं जमायला लागली होती. कोणीतरी विचारलंसुद्धा, हे जत्रेसाठी चाललंय का.

मग ते घडलं. थोरले मागच्या चाकाशी वाकून चिरा आत सरकवत होते. गाडी जॅकवर, आणि जॅकच्या बुडाशी ठेवलेला दगड गडग्याच्या तळातला, वर्षानुवर्षं ओल खाल्लेला. त्याची एक कड चुरमुऱ्यासारखी चुरली. मला ते कळायच्या आत मामंजी ओरडले. गलबतावर वाऱ्यात ओरडायचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"दादा, हात काढ! मेल्या, हात काढ!"

थोरल्यांनी हात मागे खेचला आणि गाडी धप्पकन खाली बसली. आत कपबशा, पातेली, काय काय एकदम कोसळलं. धूळ उडाली.

थोरले उभे राहिले. हात झाडला, पाचही बोटं हलवून पाहिली. चेहरा पांढराफटक होता. मग तो हळूहळू लाल झाला.

"मेल्या कोणाक म्हणतंस रे?"

"तुका! दुसरो कोण हात घालता थंय?"

"मी मोठो आसंय तुझ्यापेक्षा!"

"म्हणान तर दादा म्हटलंय आधी! जॅक हलताना हात घालतत काय? तुझ्या बायलेक आणि पोरांक काय सांगतलंय मी?"

"तुझो दगड किडको!"

"माझो? त्या बाजूचे दगड तुझे! गडगो कोणी घातलो?"

आणि मग गडगा निघाला, वीतभर जमीन निघाली, गाय निघाली, अळू निघालं, लहानपणी कोणी कोणाला विहिरीत ढकललं होतं तेही निघालं. मध्येच सवयीनं मामंजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तेका सांग," आणि थांबले. थोरलेही थांबले. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इथे का उभी आहे तेच त्यांना समजेना. मग मामंजी परत भावाकडे वळले आणि थेट त्यांनाच ते सांगितलं. मी जाऊन तुळशीच्या कट्ट्यावर बसले. पाय फार दुखत होते.

सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या की रडत होत्या, मला नीट दिसलं नाही.

साहेब घाबरले होते. त्यांनी मला विचारलं, हे दोघं एकमेकांना मारतील का? मी म्हटलं, नाही, हे फार चांगलं चाललंय. त्यांनी माझ्या इंग्रजीकडे संशयानं पाहिलं.

तेवढ्यात मडम बाहेर आली. हातात दांडा तुटलेला कप. नवऱ्याला ती चार-पाच वाक्यं बोलली, मग बोटानं सगळे चिरे दाखवले आणि हातानं झाडून टाकल्यासारखं केलं. मग फावड्याकडे बोट दाखवलं आणि मागच्या चाकांखालच्या जमिनीकडे. ते सगळ्यांना कळलं. नाक वर उचलायचं नाही, मागचं बूड खाली घ्यायचं.

"खड्डो माझ्याच वाटणीत?" थोरले म्हणाले.

"घाल रे," मामंजी म्हणाले. "ते गेले की माझ्या बाजूची माती घेऊन भर. व्हयी तर टोपलीभर जास्त घे."

चिरे निघाले. दोन भावांनी चाकांमागे उतार खणला, एक खणे आणि दुसरा तो कसा चुकीचा खणतोय ते सांगे. मग साहेबांनी गाडी बोटाबोटानं मागे घेतली. आत जाऊन पाणसळ ठेवली, टिचकी मारली, परत ठेवली, आणि बाहेर येऊन मान डोलावली. अगदी बरोबर नव्हतं म्हणे, पण ते आयुष्यभर आपल्या देशात कालव्यांच्या पाण्याची पातळी मोजत आले होते, तेव्हा त्यांचं अगदी बरोबर कधीच व्हायचं नाही, असं मडमेनं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडम बशीत त्या कपाटातले, म्हणजे गॅसवर चालणाऱ्या त्यांच्या फ्रीजमधले, बर्फाचे तुकडे घेऊन आमच्या ओटीवर आली. सासूबाईंनी एक तुकडा तळहातावर घेतला आणि तो विरघळेपर्यंत हात तसाच धरून बसल्या. मामंजींनी माझ्याकडे बघून "बरोबर सांगी हुतंस तू" असं एकदाच म्हटलं. थोरल्यांनी तुकडा सरळ दाढेखाली घातला, कळ थेट डोक्यात गेली, आणि तो थुंकायचा तर पाहुण्यांचा अपमान म्हणून डोळ्यांत पाणी आणून चावत राहिले. उरलेला बर्फ सासूबाईंनी सोलकढीत घातला. चव पाणचट झाली, असं सगळ्यांनीच सांगितलं, आणि सगळ्यांनीच दोनदोनदा घेतली.

पाहुणे चार-सहा दिवस म्हणून आले होते, ते पौर्णिमा करून गेले. त्या दिवसांत दोघे भाऊ सकाळ-संध्याकाळ मोटारीच्या सावलीत बसून भांडत. साहेब मध्ये खुर्ची टाकून पाईप ओढत ऐकत बसायचे. त्यांना ते आमचं भजनासारखं काहीतरी वाटत असावं. जाताना मडमेनं सासूबाईंना फुलाफुलांचा एक पडदा दिला. सासूबाईंनी तिला कोकमांची बरणी दिली आणि कशी वापरायची ते समजावून सांगितलं, सगळं मालवणीत, मला न बोलावता. मडम सारखी मान हलवत होती. तिला काय कळलं, ते मी विचारलं नाही.

खड्डा नंतर भरला गेला. माती कोणाच्या बाजूची घ्यायची यावरून दोघांत पुन्हा वाजलं, आणि दोघांचे आवाज बाजारापर्यंत गेले. मी त्या वेळी माजघरात गव्हले वळत बसले होते. मला कोणी हाक मारली नाही.