एकदाबी खोकलं न्हाई

कलबुर्गीजवळ मी विमान चालवायला शिकत होते. तिथले मेकॅनिक अण्णा कमठाणा गावचे, अगदी हळू बोलणारे. माझ्या पहिल्या एकट्या उड्डाणाच्या सकाळी त्यांनी, विमान सरळ आहे की तिरकं हे दाखवणाऱ्या यंत्राच्या हवेचा फिल्टर बदलला आणि लगेच परत काढला.

"कामून काढायलाव, अण्णा?"

"नळीत धूळ राहिली असंल तर? वर तू एकटीच हायस, अक्का."

नळी पुसून त्यांनी फिल्टर पुन्हा बसवला. शेजारी बसून मला इंजिन सुरू करायला लावलं. यंत्रातली कललेली रेघ सावकाश सरळ झाली, आणि अण्णा चक्क ओरडले, "उठला बघ गडी!"

ते उतरले आणि मी उडाले! खाली सगळे वर बघत होते. अण्णा म्हणे डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

उतरल्यावर मी त्यांच्याकडेच धावले.

"एकदाबी खोकलं न्हाई," ते म्हणाले.