प्लॅस्टिकमध्ये बसलेला दाखला

मी नववीत दोन वर्षं काढली. तिसरं काढायची माझी तयारी होती, शाळेची नव्हती. मग आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला खुलताबादहून घाट उतरवून औरंगाबादला आणलं आणि उस्मानपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभं केलं. शहराचं नाव आता बदललंय, पण माझ्या आठवणीतलं दुकान औरंगाबादेतच आहे, त्याला मी काय करू? गेली वीसेक वर्षं मी मस्कतला एका स्टेशनरीच्या दुकानात नोकरी करतोय. इथंही झेरॉक्सचं मशीन आहे. ते तापलं की एक वास येतो. त्या वासासरशी मी थेट उस्मानपुऱ्यात जातो, आणि मग थोडा वेळ गिऱ्हाईक काय म्हणतंय ते मला ऐकू येत नाही.

बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नसायची. मार्कलिस्ट, डोमिसाईल, जातीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. मी स्वतः नापास, पण कोणत्या कॉलेजाला कोणता कागद लागतो हे मला इतकं पाठ होतं की मास्तर लोकसुद्धा मला विचारायचे. एक गोष्ट तर मी प्रत्येकाला बजावायचो. "झेरॉक्स पाहिजे तेवढ्या काढा, पण ओरिजिनल दाखला एकच. तो ज्या कॉलेजात जमा झाला ती जागा तुमची. बाकीच्या सोडायच्या."

माझी धाकटी बहीण बारावीपर्यंत खुलताबादलाच शिकली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला मात्र दोन महिने माझ्या खोलीवर येऊन राहिली. ती पाठ करायची, मी स्वयंपाक करायचो. पिठल्यात मीठ जास्त पडलं तरी जेवण होईपर्यंत ती काही बोलायची नाही. हात धुताना म्हणायची, "भाऊ, आज समुद्र टाकला व्हय?"

त्या वर्षी तिला दोन जागा मिळाल्या. एक राज्याच्या यादीतून, आमच्याच शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, माझ्या खोलीपासून सायकलवर वीस मिनिटं. दुसरी देशभराच्या यादीतून, दिल्लीला. आमच्या घरात दिल्ली म्हणजे रेडिओवरच्या बातम्या. तिथं माणसं राहतात, त्यांना सर्दी-खोकला होतो, हे कुणी कधी मनावरच घेतलं नव्हतं.

आबा म्हणाले, "घाट उतरलं की पोरगी दिसंल. इतकं जवळचं सोडून कुठं जायचं?"

माय म्हणाली, "तिथं थंडी लई वाईट म्हन. हिचे ओठ तर इथंच फुटत्यात."

शेजारचे म्हणाले, दिल्लीचा शिक्का लागला की दवाखान्याबाहेर रांग लागते. जो येईल तो सांगून जायचा. बहिणीला विचारलं की ती एवढंच म्हणायची, "बघू."

तिनं औरंगाबादेतच राहावं असं मला वाटत होतं. कारण काही मोठं नव्हतं. दुकानातून खोलीवर गेलं की कुणीतरी दार उघडतं, याची मला त्या दोन महिन्यांत सवय लागली होती. पण हे बोलायची लाज वाटायची. म्हणून मी शहाण्यासारखं म्हणालो, "दिल्लीचं तिकीट काढून ठेवू. नाय जायचं तर रद्द करता येतं." आबांचं आणि तिचं, सोमवारच्या सचखंड एक्सप्रेसचं तिकीट काढलं.

त्याच दिवसांत आमच्या मालकांनी लॅमिनेशनचं मशीन आणलं होतं. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालायचा, तापलेल्या रोलरमधून सोडायचा; पलीकडून तो चकचकीत आणि कडक होऊन निघायचा. लोकांना त्याचं भारी अप्रूप. रेशनकार्ड, देवांचे फोटो, वारलेल्या माणसांची ओळखपत्रं घेऊन यायचे. एकानं तर बैलजोडीचा फोटो आणला होता. जपायचं म्हणजे हेच, असं माझ्या डोक्यात बसलं.

बहिणीचे सगळे कागद माझ्याकडं ठेवलेले. शुक्रवारी गर्दी ओसरल्यावर मी तिचा ओरिजिनल दाखला पाकिटात घातला, कोपरे नीट बसवले आणि रोलरमध्ये सोडला. बाहेर आल्यावर तो मी शर्टाला पुसला, उगाच. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

शनिवारी दुपारी ती खुलताबादहून एस.टी.नं आली. मी दाखला तिच्या हातात ठेवला. "बघ. आता हौदात पडला तरी काय होणार नाय."

तिनं दाखला उलटसुलट करून पाहिला. मग पिशवीतून दिल्लीचं पत्र काढलं. ते इंग्रजीत होतं, मी ते कधी वाचलंच नव्हतं. तिनं खालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि मराठीत सांगितलं की लॅमिनेशन केलेली मूळ कागदपत्रं तिथं घेणार नाहीत. त्यांना कागदावरचा शिक्का तपासायचा असतो, मागं स्वतःचा मारायचा असतो.

"भाऊ," ती म्हणाली, "तू दिवसभर लोकांचेच कागद बघतो ना रे?"

एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी ब्लेडनं एक कोपरा उचकटून पाहिला. प्लॅस्टिकबरोबर कागदाचा पापुद्राही निघाला. मालक पलीकडून ओरडले, "हात मत लगा रे! जो बचा है वो बी जाएगा!"

दिल्लीला बुधवारी हजर व्हायचं होतं, गाडी सोमवारची आणि मधे रविवार, म्हणजे कॉलेज बंद. इथल्या कॉलेजाला अजून दहा दिवस होते, तेवढ्यात दुसरा दाखला सावकाश निघाला असता. म्हणजे कुणी काहीच केलं नाही तर बहीण आपोआप इथं राहत होती. मला हवी होती तशी.

आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. देवानंच मिटवलं."

देवानं कुठं मिटवलं होतं? मिटवलं मी होतं. ती इथं राहिली असती तर रोज तिच्याकडं बघून मला एकच प्रश्न पडला असता, की ही राहिली का मी ठेवली. मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी खुलताबादला जाऊ. दाखला नवा आणू. मग तुला काय करायचं ते कर."

रविवारी पहिल्या एस.टी.नं आम्ही वर गेलो आणि सरळ तिच्या कॉलेजच्या क्लार्कच्या घरी पोचलो. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. त्या वर्षी ते रिटायर होणार होते. आम्ही गेलो तेव्हा दारात बसून दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण. त्यांनी दाखला हातात घेतला, वाजवून पाहिला.

"अरे, क्या करके बैठा रे तू? जिंदा कागज को कफन पहना दिया!"

बहीण म्हणाली, "चाचा, त्यानं जपायला केलं."

"हौ, दिखता है." त्यांनी उरलेली दाढी केली, टोपी घातली, किल्ल्या घेतल्या आणि रविवार असून कॉलेज उघडलं.

ऑफिसात बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. "दुसरा दाखला असा देत नसतात. दोन दाखले म्हणजे दोन जागा. एकच पोरगी दोन ठिकाणी बसली तर तिसरीनं कुठं जायचं? आधी हा रद्द करावा लागंल." त्यांनी लाल शाईचा पेन काढून दाखल्यावर 'रद्द' लिहायला घेतलं. प्लॅस्टिकवर शाई ठरेना, थेंब होऊन घरंगळायची. "बघ बाबा, तुझ्या कारागिरीवर रद्द बी लिहिता येईना." मग त्यांनी कात्री घेतली आणि दाखल्याचे मधोमध दोन तुकडे केले. तेव्हा बहिणीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. मी मात्र पाहिलं. पाहणं भागच होतं.

चाचा रजिस्टर उघडून नवा दाखला लिहायला लागले. त्यांचं मराठी अक्षर एकेक सुटं, जपून ठेवल्यासारखं असायचं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबला.

"इथं 'पुढील शिक्षणासाठी' लिहितो, पहिल्यावर होतं तेच. पण मला सांग बेटी, जाणार कुठं?"

"चाचा, त्याचं असंय..." मी सुरू केलं.

"तुला नाय विचारलं. तू नववीतूनच गेला."

बहीण हसली नाही. टेबलाच्या कडेवर नख ओढत बसली. मग म्हणाली, "इथं कुणी बाई 'पोटात कालवतंय' म्हणाली तर मला कळंल. दिल्लीच्या बाईचं कसं कळायचं?"

चाचांनी पेन खाली ठेवला. "पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला तेव्हा मी दुसरीत. तवर सगळं उर्दूत. मग एक दिवस शाळेत गेलो तर फळ्यावर मराठी! घरात आम्ही दखनी बोलायचो, मराठी बाजारातली येत होती, तेवढीच. दोन दिवस रडलो. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, भूक लागली का? ते बराबर कळलं."

आता मात्र ती हसली, आणि हसता हसता म्हणाली, "मग दिल्ली."

"जोरात बोल. प्राचार्यांच्या घरी सहीला जायचंय, तिथं बी विचारतील."

"दिल्ली," ती म्हणाली. "भीती वाटती चाचा. पण एवढ्या दिवसांत सगळ्यांनी सांगितलं, विचारलं कुणीच नाय."

ते माझ्याकडं बघून म्हणाली नाही, पण मला लागायचं ते लागलं.

चाचा उन्हातून प्राचार्यांच्या घरी गेले, सही आणली, गोल शिक्का उमटवला आणि दाखला जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत घालून तिच्या हातात दिला. माझ्या हातात दिला नाही. मी चहाचं विचारलं तर म्हणाले, "तू पहले घर जाके बाप को समझा." मी त्यांना नीट शुक्रियासुद्धा म्हटलं नाही. तेव्हा वाटलं, नंतर सावकाश भेटू. पुढं मी इकडं मस्कतला आलो. ते राहूनच गेलं.

आबांना तिनं स्वतः सांगितलं. ते उठून आत गेले आणि मायला म्हणाले, "वाकळ दे एखादी बांधून. थंडी वाईट म्हनती ना तू?" सोमवारी गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून मला काहीतरी सांगत होती. गोंगाटात ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

गुरुवारी तिचा फोन आला. तिथल्या ऑफिसातल्या बाईनं दाखला उलटून पाहिला, मागं शिक्का मारला आणि ठेवून घेतला. "झालं भाऊ," ती म्हणाली. इथली जागा त्याच दिवशी सुटली.

नंतर दोनेक आठवड्यांनी शहराजवळच्या शेंद्र्याचा एक माणूस मुलीला घेऊन दुकानात आला. तिचं नाव वेटिंगवर होतं, आता इथल्याच मेडिकल कॉलेजात जागा निघाली होती. दोघांचे चेहरे फुललेले. मी प्रती काढत होतो आणि तो आपणहून सांगत होता.

"एका पोरीनं जागा सोडली म्हन. दिल्लीला गेली. घरची जागा टाकून कोण जातंय? येडीच दिसती."

"येडी काहून, बाबा?" मुलगी म्हणाली. "तिनं सोडली म्हणून तर मला भेटली."

"बरं बाई, शहाणी. आपल्यापुरती शहाणी."

ती माझी बहीण आहे, असं ओठांवर आलं होतं. बोललो नाही. मुलीला विचारलं, "होस्टेलला राहणार का?"

तिच्या आधी बापच म्हणाला, "होस्टेल कशाला? शेंद्रा काय लांब आहे? रोज संध्याकाळी घरी."

रोज संध्याकाळी घरी. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की माझा हात मशीनवरच थांबला. आणि त्याच वेळी बरंही वाटलं, अगदी आतून. दोन्ही एकदम. त्यातलं खरं कोणतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता मीही घरापासून इतका लांब आहे, तरी अजून कळलेलं नाही. मुलगी कागद मोजून पिशवीत ठेवत होती. बाप तिला म्हणत होता, चल लवकर, पाचची बस गेली तर आई काळजी करंल.