मला धडकलेल्या माणसाचा पाहुणचार

कोर्टात जायचं म्हणून आनंदाने झोप उडालेली मी तालुक्यातली एकटीच बाई असेन, असं मला वाटत होतं. कान्हे स्टेशनच्या फलाटावर पोचले तेव्हा कळलं की आम्ही दोघी आहोत. दुसरी होती मावशी. कान्हे फाट्याजवळ जुन्या हायवेला तिची ताक आणि पिठलं-भाकरीची टपरी आहे. माझ्या दाव्यात ती प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होती. पुण्याची लोकल यायला अवकाश होता, तरी ती ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसून आणि नाकात नथ घालून केव्हाची उभी होती.

"मावशी, नथ कशाला?"

"मंग? सायबाम्होरं उभं ऱ्हायचंय. तितं काय लंकेची पार्वती होऊन जाऊ?"

दावा होता नुकसानभरपाईचा. एका रविवारी दुपारी मी स्कूटर डांबराच्या बाहेर, मातीत लावली होती आणि मावशीच्या टपरीसमोर घरी न्यायचं ताक भरून घेत होते. लोणावळ्याकडून येणारी एक पांढरी मोठी गाडी रस्ता सोडून खाली उतरली, आधी स्कूटरवर आणि मग माझ्यावर आली. उजव्या गुडघ्याचा जो चुरा झाला त्यातून डॉक्टरांनी कसाबसा एक पाय तयार केला. तो दिसायला पायासारखा आहे, पण जिना चढत नाही. मी तळेगावातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि आमची सगळी चांगली पुस्तकं वरच्या मजल्यावर आहेत. अपघातानंतर मी खाली, वर्तमानपत्रांच्या विभागात बसते. माणसाचा अधःपात यापेक्षा वेगळा काय असतो? दुसरी शस्त्रक्रिया केली तर गुडघा वाकेल, पण फार उशीर करू नका, असं डॉक्टर सांगत होते. माझी शिल्लक पहिल्या शस्त्रक्रियेतच संपली होती. त्यामुळे हा दावा जिंकणं म्हणजे वरचा मजला परत मिळणं, असा माझा सरळ हिशेब होता.

गाडी चालवणारा प्यायलेला होता. हे सगळ्या फाट्याला ठाऊक होतं, पण कोर्टाला ठाऊक करून देण्याची सोय फाट्यानेच घालवली होती. लोक धावत आले. निम्मे माझ्याकडे आले, निम्मे त्याच्याकडे गेले. आमच्याकडे हायवेवरून आलेला माणूस म्हणजे पाहुणा, ही समजूत इतकी पक्की आहे की पाहुण्याने एखाद्याला चिरडलं तरी तिला तडा जात नाही. मला दवाखान्यात न्यायला थांबवलेला टेम्पो रिकामा होण्याची वाट बघत मी रस्त्याकडेला पडले होते. तो टपरीतल्या खुर्चीवर बसला होता. कुणी त्याचं तोंड धुतलं, कुणी वर्तमानपत्राने वारा घातला. मावशीने त्याला ताक पाजलं, ग्लासामागून ग्लास. ताकाने चढलेली उतरते, यावर आमच्या भागात कुणालाही शंका नाही. पोलीस आले तेव्हा पाहुणा भांग पाडून बसलेला होता. रविवारची गर्दी, ट्रॅफिक आणि दवाखान्यातली रांग यांतून त्याच्या रक्ताचा नमुना घेतला जाईपर्यंत रात्र झाली. अहवालात आलं, 'मद्याचा अंश आढळला'. किती प्यायला होता ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवावं, इतकी मोकळीक त्या वाक्यात होती.

पाहुणा प्लॉट विकत असे. हायवेला त्याचा फ्लेक्स होता, हात जोडलेला, मागे डोंगर आणि डोंगरापेक्षा मोठं कपाळ. तो मला भेटायला दवाखान्यात आला तेव्हा एवढा मोठा पुष्पगुच्छ घेऊन आला की तो ठेवायला माझं पाणी आणि औषधं खाली उतरवावी लागली. बरोबर फोटो काढणारा होता. माझ्या पायाला बांधलेली वजनं फोटोत येणार नाहीत अशा बेताने तो उभा राहिला.

"ताई, नियतीपुढे आपण कोण?" तो म्हणाला.

"नियतीकडे लायसन्स होतं का?" मी विचारलं. फोटो काढणारा हसला. त्याला बाहेर जावं लागलं.

पुढे रस्ता सुरक्षेच्या एका कार्यक्रमात मला स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ आणि पाकीट द्यायचं ठरलं. पाकीट त्याचं होतं. बॅनरवर छापणार होते, 'अपघातग्रस्त भगिनीस मदतीचा हात'. त्या स्टेजला चार उंच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता, हे आयोजकांच्या लक्षात आलं नव्हतं. मी निरोप पाठवला की मला मदत नको, भरपाई हवी. मदत करणाऱ्याचा फोटो निघतो, भरपाई देणाऱ्याचा निकाल लागतो.

माझी वकील तळेगावची, आमच्या वाचनालयाची जुनी सभासद. शाळेत असल्यापासून रहस्यकथांखेरीज काही वाचलं नाही तिने. तो शौक मी फार मनाला लावून घेतला होता, पण तिने मला जे समजावून सांगितलं ते ऐकल्यावर तिचं वाचन वाया गेलं नाही असं म्हणावं लागलं.

"बाई, तो प्यायलेला होता असं कोर्टात सगळ्यात मोठ्याने कोण ओरडणार आहे, माहितीये? विमा कंपनी."

"ती माझ्या बाजूची आहे?"

"छे. प्यायलेला असेल तर पॉलिसीची अट मोडली. मग ते म्हणणार, आम्ही देत नाही, त्याच्याकडून घ्या."

"मग तो देईल."

"त्याच्या नावावर काय आहे ते मी काढलंय. ती गाडी आणि फ्लेक्सवरचा फोटो. बाकी सगळं बायकोचं आणि मेहुण्याचं."

म्हणजे ज्याने मला उडवलं तो शुद्धीत होता असं ठरलं तर माझा गुडघा वाकणार, आणि खरं काय ते ठरलं तर कदाचित वाकणार नाही. कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग त्याच्याकडून वसूल करावेत, असाही आदेश कोर्ट देऊ शकतं, पण देईलच असं मी लिहून देणार नाही, असं ती म्हणाली.

"मग मी काय बोलायचं?"

"खरं तेच. पण विचारलं तेवढंच. गाडी भरधाव होती आणि रस्ता सोडून आली, एवढ्यावर आपला दावा उभा राहतो. दारू सिद्ध करणं आपलं काम नाही."

मला गुडघा हवा होता. पण तो माणूस प्यायलेला होता हे कुणीतरी अधिकाराच्या खुर्चीत बसून म्हणावं, हेही मला हवं होतं, आणि किती हवं होतं हे मी तिला सांगितलं नाही.

तर आम्ही लोकलमध्ये बसलो. वकील तळेगावला चढली आणि बेगडेवाडी मागे पडेपर्यंत तिने मावशीची तयारी करून घेतली.

"मावशी, विचारतील तेवढंच सांगायचं."

"व्हय."

"ताकाचं आपणहून काढायचं नाही."

"आन् त्येंनी काढलं तर?"

"तर खोटं बोलायचं नाही."

"आसं सांग की मंग. खोटं न्हाई बोलायचं, पन खरं बी मागितल्याबिगर न्हाई द्यायचं. दुकानात बसनारीला कळतंय त्ये."

समोरच्या बाकावरच्या दोन बायका पेरू खाता खाता ऐकत होत्या. शिवाजीनगरला उतरताना त्यांनी मावशीला यश चिंतलं. मला कुणी विचारलं नाही. नथ मावशीच्या नाकात होती.

कोर्ट म्हणजे काहीतरी दरबारी थाट असणार, अशी मला धास्ती होती. थाट अजिबात नव्हता. पंखा होता, फाइलींचे ढीग होते, मधेच थांबणारा टंकलेखक होता आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय असलेले न्यायाधीश होते. मला ते फार आवडलं. माझं नाव पुकारलं तेव्हा काठी टेकत पिंजऱ्याकडे जाताना छाती अशी धडधडत होती की जणू मी आरोपी आहे आणि सुटणार आहे.

विमा कंपनीचे वकील उठले. "अपघातानंतर चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता का?"

"माझं तोंड डांबराकडे होतं. मला डांबराचा वास येत होता."

टंकलेखक थांबला. न्यायाधीश म्हणाले, "'मला सांगता येणार नाही' असं घ्या." माझ्या वाक्याचं हे संपादन मला मान्य करावं लागलं.

मग मावशी. गाडी कुठून आली, किती जोरात आली, मी कुठे उभी होते, हे तिने शिकवल्याबरहुकूम सांगितलं. आमची वकील समाधानाने खाली बसली. आणि पाहुण्याचे वकील उभे राहिले. त्यांचा आवाज सभेचा होता. पाहुणा मागच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत बसला होता. आज त्याने हात जोडलेले नव्हते.

"माझे अशील पळून गेले नाहीत, हे खरं आहे ना?"

"व्हय. न्हाई पळाले."

इथे थांबले असते तर निकाल वेगळा लागला असता. पण त्यांना अशिलाचं मोठेपण नोंदवून घ्यायचं होतं.

"माणुसकीच्या भावनेने ते तिथेच थांबले."

मावशीने आमच्या वकिलाकडे बघितलं. आमची वकील फाइलीत बघत होती.

"घाबरू नका, आजी. थांबले ना?"

'आजी' मावशीला झोंबलं असावं. नथ हलली.

"थांबतोय कशाचा! पळाया आदी पायावर उभं ऱ्हाया लागतंय. दोघांनी बगलंत धरून खुर्चीत घातलाय त्याला."

"म्हणजे धक्क्यामुळे त्यांना चक्कर आली होती."

"चक्कर आलेल्याला आमी साखरपानी देतो. ह्याला ताक दिलं."

न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर केली. "ताक का?"

मावशीने पदर सारखा केला. "उतरावी म्हून, सायेब."

मागे कुणीतरी फसकन हसलं. विमा कंपनीचे वकील तर उभे राहताना टेबलाला धडकले. "साहेब, उत्तर जसंच्या तसं नोंदवून घ्यावं!" आणि मावशीकडे वळून, जणू माहेरचं माणूस भेटलं अशा आवाजात, "मावशी, वास येत होता?"

"लांबूनच येत हुता. माझा मालक जिता असता तर त्यानं कुटली हाय त्ये बी सांगितलं असतं."

आमच्या वकिलाचे कान लाल झाले होते. माझा गुडघा, वरचा मजला आणि तिथली कपाटं माझ्या डोळ्यांदेखत पाहुण्याच्या मेहुण्याच्या नावावर चालली होती. मला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण अंगावर काटा आला होता तो भीतीचा नव्हता. भरल्या कोर्टात, टंकलेखकाच्या बोटांखाली, ते अखेर उमटत होतं. टाळी वाजवू नये म्हणून मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

परतीच्या लोकलमध्ये मावशी खिडकीशी बसली. मग तिने नथ काढून पदराच्या गाठीत बांधली. "ताई, नुकसान केलं का मी तुमचं?"

मी वकिलाकडे बघितलं. ती म्हणाली, "खोटं बोलू नका असं मीच सांगितलं होतं."

"त्ये न्हाई इचारलं मी," मावशी म्हणाली. मी तिचा हात धरून बसले, तर तिने माझाच हात दाबला.

निकालाला काही महिने गेले. त्या काळात मावशीने माझ्याकडून ताकाचे पैसे घेतले नाहीत आणि मी ते द्यायचं सोडलं नाही. वकिलाचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात वर्तमानपत्रं लावत होते.

"बाई, निकाल लागला. रक्कम..."

"रक्कम नंतर. तो प्यायलेला होता असं म्हटलंय का?"

"म्हटलंय! इतक्या उशिरा घेतलेल्या रक्तातही अंश सापडतो म्हणजे आधी किती असेल, असं म्हटलंय. आणि मावशीवर पूर्ण विश्वास ठेवलाय. का, माहितीये? ती त्याची सेवा करत होती. त्याच्याशी तिचं वैर असतं तर तिने त्याला ताक पाजलं नसतं."

मला वाटलं होतं, त्या पाहुणचाराने माझा पुरावा धुऊन नेला. कोर्टाला तोच पुरावा वाटला होता.

"आणि पैसे?"

"कंपनीने आधी तुम्हाला द्यायचे. मग त्याच्याकडून वसूल करायचे. बायको आणि मेहुणा शोधत त्यांनी फिरावं."

मी जी ओरडले ती 'शांतता राखा' या पाटीखाली. चार ज्येष्ठ वाचकांनी चार वर्तमानपत्रं खाली केली. त्यांना मी पेढे देईन असं सांगितलं तेव्हा ती परत वर गेली.

संध्याकाळी रिक्षाने फाट्यावर गेले. टपरीवर लोणावळ्याहून परतणाऱ्यांची गर्दी होती. मी तिच्यातून वाट काढून मावशीला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकलं, हात थांबवले नाहीत. मग म्हणाली, "म्हंजे तुमचा पाय हुनार?"

"होणार."

"मंग बसा की हितं. उभ्या का?" आणि तिने एका पर्यटकाला खुर्चीवरून उठवलं.

कंपनीने अपील केलं नाही. पैसे कोर्टात जमा झाल्याचं कळलं त्याच दिवशी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीने तारखांची वही चाळली आणि पुढचा गुरुवार चालेल का, असं विचारलं.

"त्याआधीच्या मंगळवारी काय आहे?" मी म्हटलं.