भुलीच्या डॉक्टरांची मुलाखत

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा भूल देणारे एक तरुण डॉक्टर तिथं होते. ऑपरेशनआधी ते खाटेशी स्टूल ओढून पेशंटशी त्याच्याच बोलीत बोलायचे. पण ‘नक्की’ हा शब्द त्यांच्या तोंडी कधी यायचा नाही.

गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यातून त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं. पेशंटशी कसं बोलता, हे तिथं विचारणार होते. म्हणून सरावासाठी मीच मुलाखत घेणारी साहेब होऊन विचारलं, “पेशंट म्हणाला, मी परत उठतो का न्हाई, तर काय सांगाल?”



“दुबलगुंडीच्या एका बाईला मी ‘नक्की उठशील’ म्हणालो होतो, अक्का. ती उठली न्हाई.”

“हे तिथं सांगू नका. नोकरी हातची जाईल.”

ते मुलाखतीहून परतले, तेव्हा मी विचारलं, “सांगितलात का काय?”

“व्हय. पण सांगताना वाटलं, हे मी परक्या साहेबांना कामून सांगायलोय? तिच्या नवऱ्याला तर अजून धड सांगितलं न्हाई.”

नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुढच्या रविवारी ते एकटेच दुबलगुंडीला गेले. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही, एवढंच त्यांनी मला सांगितलं. तेही खाली बघत.